बाबासाहेब आणि सरकारी तिजोरीतील आपला हक्काचा वाटा

बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र आपल्या घराघरात पाठ आहे. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, भारताची राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी. लहान पोरालाही विचारा, घडाघडा सांगेल. पण बाबासाहेब हे मुळात अर्थशास्त्राचे पंडित होते आणि कायदेमंडळात बसल्यावर त्यांनी सरकारच्या तिजोरीतून गोरगरिबांसाठी, आपल्या समाजासाठी पैसा कसा मंजूर करून घेतला, ही बाजू सभांतून फारशी सांगितली जात नाही. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही तेवढीच बाजू मांडायचे ठरवले आहे. कारण तिचा संबंध आजही आपल्या मुलांच्या फीशी आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करात होते, पेन्शनवर घर चालायचे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. पुढे कॉलेजचा खर्च घराला झेपेना. तेव्हा केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली. त्या पंचवीस रुपयांवर बाबासाहेब १९१२ साली बी. ए. झाले. १९१३ साली महाराजांनीच त्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवले. करार असा झाला होता की, शिक्षण पुरे झाल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करायची.

आता पुढे काय झाले ते बघा. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला जागा मिळेना. कचेरीतला शिपाईसुद्धा विटाळ मानायचा. शेवटी नोकरी सोडून मुंबईला यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर म्हणून पगार मिळाला, त्यातून पैसा साठवला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ रक्कम दिली. असे जमवाजमव करून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. बडोद्याचे आणि कोल्हापूरचे महाराज दिलदार होते, त्यांचे उपकार आपण कधीच विसरणार नाही. परंतु दिलदार माणूस प्रत्येकाला भेटत नाही. एका भीमरावाला महाराज भेटले, बाकीच्या हजारो भीमरावांचे काय? बाबासाहेबांच्या पुढच्या सगळ्या धडपडीचे मूळ आम्हाला या प्रश्नात दिसते. मदत कोणाच्या मर्जीवर राहता कामा नये, ती सरकारच्या अंदाजपत्रकात लिहिलेली पाहिजे.

आणि अंदाजपत्रक म्हणजे काय हे त्यांच्याइतके जाणणारा माणूस त्या काळी देशात विरळा. ब्रिटिश हिंदुस्थानात वरचे सरकार आणि प्रांतांची सरकारे यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, यावरच त्यांनी कोलंबियासाठी अभ्यास केला होता. तो ग्रंथ १९२५ साली छापून निघाला. दिल्लीच्या पैशाला खाली येईपर्यंत किती फाटे फुटतात आणि तो मधेच कुठे अडतो, हे ते पुरते ओळखून होते.

१९२७ साली ते मुंबई कायदे कौन्सिलात नेमलेले सभासद म्हणून बसू लागले. पहिल्याच वर्षी त्यांनी अंदाजपत्रकावर तोफ डागली. बागाईतदार असो की एक-दोन एकरांचा कुणबी, दोघांनाही शेतसारा सारखाच लागू, मग पिको वा न पिको, हा अन्याय त्यांनी दाखवून दिला. शिक्षणाच्या खर्चाचाही हिशोब मांडला. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांच्या वर काढून घेते. लोकांकडून जेवढे घेता निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, अशी त्यांची मागणी होती. १९२८ साली बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, तेव्हा गिरणीतल्या बायांना बाळंतपणात पगारी विश्रांती मिळाली पाहिजे आणि सरकारनेही त्याचा भार उचलला पाहिजे, असे त्यांनी ठासून सांगितले. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. त्यात आमच्या गिरणगावातल्या आयाबहिणींचा केवढा फायदा झाला, हे जुन्या माणसांना विचारावे.

१९३२ च्या पुणे कराराबद्दल आपण राखीव जागांचीच चर्चा करतो. पण त्या करारात शेवटी एक कलम आहे. प्रत्येक प्रांताच्या शिक्षण खात्याच्या रकमेतून अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम वेगळी काढून ठेवावी, असे ते कलम आहे. एवढ्या ताणाच्या वेळी, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे प्राण पणाला लागलेले, सगळा देश अंगावर आलेला, तरी पोरांच्या शाळेच्या पैशाची गोष्ट करारात आली.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. म्हणजे आता दिल्लीच्या तिजोरीजवळ आपला माणूस पोचला. खुर्ची मिळाल्यावर माणसे गप्प बसतात, हे आपण रोज बघतो. बाबासाहेबांनी तीन-चार महिन्यांतच, ऑक्टोबर १९४२ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना लांबलचक निवेदन दिले. त्यात समाजाच्या तक्रारी आकडेवारीनिशी मांडल्या. सरकारी नोकऱ्यांत आमची माणसे नाहीत. बांधकाम खात्याच्या कंत्राटदारांच्या यादीत शोधून एखादाच आमचा. बनारस हिंदू विद्यापीठाला सरकार वर्षाला तीन लाख देते, अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला तीन लाख देते, मग अस्पृश्यांच्या शिक्षणाला काय देते? या सवालाला सरकारकडे उत्तर नव्हते.

परिणाम काय झाला? केंद्र सरकारने अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपये मंजूर केले आणि १९४४ पासून मॅट्रिकच्या पुढे शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. काही तरुण सरकारी खर्चाने परदेशीही गेले. नोकऱ्यांच्या बाबतीत १९४३ साली केंद्र सरकारने शेकडा साडेआठच्या आसपास जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. १९४६ साली तो आकडा साडेबारा टक्के झाला. पंचवीस रुपयांसाठी ज्यांना महाराजांच्या दारी जावे लागले, त्यांनी पुढच्या पोरांसाठी दिल्लीच्या तिजोरीत कायमचे खाते उघडले.

बाबासाहेबांनी फक्त आपल्याच जातीचे पाहिले, असा आरोप काही लोक आजही करतात. त्यांना मजूरमंत्र्यांचे काम माहीत नाही. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडे गेले आणि स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. मजुरांच्या चाळी पाहिल्या, दवाखाने पाहिले. लगेच जानेवारी १९४४ मध्ये वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर पट्टी बसवायची आणि तो पैसा खाणकामगारांची घरे, पाणी, दवापाणी यांवर खर्च करायचा. त्या खाणीत सगळ्या जातीधर्माचे मजूर होते. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले, तेही याच काळात. आणि ज्या इएसआयच्या कार्डावर आम्ही गिरणी कामगारांनी औषधे घेतली, त्या योजनेचा अहवाल प्रा. अडारकर यांनी १९४४ साली बाबासाहेबांच्याच खात्याला सादर केला होता. कायदा १९४८ साली झाला.

दामोदर नदीचेही असेच. १९४३ साली तिला पूर आला आणि बंगालमध्ये हाहाकार उडाला. नदी दोन प्रांतांतून वाहणारी, बंगाल आणि बिहार. कोणी खर्च करायचा यावरून घोडे अडणार हे उघड होते. पाणी आणि वीज ही खाती बाबासाहेबांच्याकडे होती. केंद्र आणि दोन्ही प्रांत यांना त्यांनी १९४५ साली एका टेबलाशी बसवले. अमेरिकेतल्या टेनेसी नदीच्या धर्तीवर पूर अडवणे, शेतीला पाणी आणि वीज ही तिन्ही कामे एकत्र करणारी योजना आखली. त्यातूनच १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

पुढे घटना लिहिताना ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटनेतील २७५ व्या कलमाने केंद्राने गरजू राज्यांना अनुदान देण्याची सोय झाली आणि आदिवासी बांधवांच्या कल्याणाच्या योजनांचा पैसाही त्यातच बांधला गेला. २८० व्या कलमाने वित्त आयोग आला. पहिला आयोग १९५१ साली नेमला गेला. केंद्र आणि राज्ये यांच्यातल्या पैशाच्या वाटणीचा ज्याने तरुणपणी अभ्यास केला, त्याच्याच अध्यक्षतेखाली ही कलमे तयार झाली. त्याच १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईने त्यांना पाडले, तरी राज्यसभेत जाऊन ते बोलत राहिले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतरची गोष्ट प्रत्येक बौद्ध घराने ध्यानात ठेवावी. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत त्या वेळी फक्त हिंदू आणि शीख धरले जात होते. धम्म स्वीकारला म्हणून आपण यादीबाहेर पडलो! ज्यांनी ती सवलत मिळवून दिली, त्यांच्याच मागे गेलेल्या लोकांना ती नाकारली गेली. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतल्या सवलती दिल्या. परंतु केंद्राच्या नोकरीचे दार बंदच होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि रिपब्लिकन पक्षाने हा प्रश्न लावून धरला. १९६४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहाच्या मागण्यांत ही मागणी होती, हजारो लोक तुरुंगात गेले. शेवटी १९९० साली व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात कायदा दुरुस्त झाला आणि यादीत बौद्ध हा शब्द आला. मधे चौतीस वर्षे गेली. एका पिढीची उमेद त्यात गेली. काहींनी फॉर्मवर जुनी जात लिहिली, काहींनी धम्म लिहिला आणि नोकरी सोडली. दोघांनाही नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही, पण ज्यांनी धम्म लिहिला त्यांच्यापुढे आपली मान आपोआप झुकते.

आज १९४४ ची तीच योजना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती या नावाने चालू आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ठरवले की खर्चाचे साठ टक्के केंद्राने आणि चाळीस टक्के राज्याने द्यायचे. महाराष्ट्रात अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरायचा असतो. पण वस्तीत फिरताना आम्हाला काय दिसते? कोणाचा उत्पन्नाचा दाखला नाही, कोणाचे जातपडताळणीचे कागद अडकलेले, कोणाची तारीखच हुकली. मग पोरगा कॉलेज सोडून कुठेतरी डिलिव्हरीच्या गाडीवर दिसतो. आपण जयंतीला मोठी वर्गणी काढतो, जरूर काढावी. परंतु दाखल्याअभावी एका मुलीचे शिक्षण सुटले, तर बाबासाहेबांनी भांडून आणलेला पैसा तिजोरीतच राहिला, असा त्याचा अर्थ होतो.

म्हणून आमची सर्व उपासक-उपासिकांना हात जोडून विनंती आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात एक तास फक्त फॉर्म आणि दाखले यांच्यासाठी ठेवावा. शिकलेल्या पोरापोरींनी बाकीच्यांचे अर्ज भरून द्यावेत. पैसे अडले तर आपण सर्वांनी मिळून समाजकल्याणच्या कचेरीत जाऊन आकडेवारीनिशी जाब विचारावा. हिशोब मांडून हक्क मागायचा, हीच बाबासाहेबांची रीत होती. ती आपल्याला जमण्यासारखी आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!