एकच माप : बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे



या मेळाव्यासाठी आपल्या तुकडीची यादी करायला बसलो, तेव्हा मुलांचे पत्ते दोन दिवसांत मिळाले. मुलींचे मात्र महिना उलटला तरी सापडेनात. लग्नानंतर नाव बदललेले, आडनाव बदललेले. कुणाला विचारायचे तेच कळेना. हजेरीपटावरची ती जुनी नावे वाचताना मला आपल्याच गावच्या एका बाईची आठवण झाली. तिला आजही सगळे माहेरच्या आडनावाने ओळखतात.

ताराबाई शिंदे. जन्म १८५०, बुलढाणा. तेव्हा वऱ्हाड निजामाच्या ताब्यात होता. वडील बापूजी हरी शिंदे येथल्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क. चार भावांत ही एकुलती मुलगी. त्या काळी गावात मुलींची शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी तिला घरीच मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवले. वडील महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे. घर मराठ्यांचे, प्रतिष्ठेचे. अशा घरांत बाईने उंबरठ्याच्या आत राहायचे आणि विधवेने पुन्हा लग्नाचे नाव काढायचे नाही, ही रीत. ताराबाईंचे लग्न झाले, पण त्या सासरी गेल्या नाहीत. नवराच घरजावई म्हणून आला. त्यांना मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलाजेपायी तिने आपले नवजात मूल मारले होते. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या निमित्ताने पुण्याच्या एका वर्तमानपत्राने सगळ्या स्त्रीजातीलाच बदफैली ठरवले. बुलढाण्यात बसून ते वाचणाऱ्या ताराबाईंना राहवले नाही. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून निघाले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे.

पुस्तकाची रीत साधी आहे. बायकांवर जे जे दोष लादले जातात, ते एकेक घ्यायचे आणि त्याच मापाने पुरुषाला मोजायचे. कपट कुणात जास्त? नवरा मेला म्हणून बाईचे केस काढायचे, तिला शुभकार्यातून उठवायचे. मग बायको मेल्यावर पुरुष दहाव्या दिवशी दुसरी मुलगी कशी पाहतो? तिला फसवणारा मोकळा आणि ती एकटी गुन्हेगार, हा कुठला न्याय? शास्त्रे, पुराणे, देवही या मोजणीतून सुटले नाहीत. सभांतून सुधारणेची भाषणे ठोकून घरी जुनेच वागणाऱ्या सुधारकांनाही त्यांनी सोडले नाही.

टीका झाली, तेव्हा १८८५ साली फुल्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्या गेल्या आणि पुस्तकही विस्मरणात गेले. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. पुढे १९९४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले आणि बुलढाण्याची ही बाई जगभर वाचली जाऊ लागली.

आता स्वतःचे सांगतो. दरवर्षी आठ मार्चला मी ऑफिसात ताराबाईंवर बोलतो, टाळ्याही मिळतात. माझे शिक्षण थोरल्या भावाकडे राहून झाले. शाळेच्या डब्यातली भाकरी वहिनीच्या हातची. भाऊ गेल्यावर वर्षभरात माझ्या मुलीचे लग्न निघाले. हळदीच्या वेळी सुवासिनींची हाक झाली आणि वहिनी आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसली. मी पाहिले आणि पाहुण्यांच्या गर्दीत गप्प राहिलो. ताराबाईंनी ज्यांना झोडपले, त्यांतलाच मी एक, हे तेव्हा कळले.

तीन वर्षांनी मुलाच्या लग्नात पहिली हळद वहिनीने लावावी म्हणून मी आधीच तिच्याकडे गेलो. ती लगेच हो म्हणाली नाही. मुलीच्या वेळी का आला नाहीस, एवढेच तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी चूक कबूल केली. हळदीच्या दिवशी ती आली. हात थरथरत होते. दोन नातेवाईक बायका मांडवातून उठून गेल्या, त्या आजही बोलत नाहीत. लग्न मात्र छान पार पडले, सून-मुलगा सुखात आहेत.

माणुसकी ही काही भाषणात सांगायची गोष्ट नाही. घरात, पंक्तीत, मांडवात दोघांना एकच माप लावता आले, तर ती आपल्यात आहे. आपल्या गुरुजनांनीही एकाच फळ्यावर आपल्या सगळ्यांना शिकवले होते.

म्हणून या स्मरणिकेच्या यादीत सगळ्या मैत्रिणींची नावे हजेरीपटावर होती तशीच आधी छापली आहेत. ज्या अजून सापडल्या नाहीत, त्यांचा पत्ता कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.