राजा रामण्णा आणि अमेरिकी काँग्रेसचे कायदे

१० मार्च १९७८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी अण्वस्त्र प्रसारबंदी कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याचा रोख कोणाकडे आहे, याविषयी वॉशिंग्टनमध्ये वा दिल्लीत कोणालाही शंका नव्हती. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या अणुस्फोटाला अमेरिकी काँग्रेसने दिलेले ते उत्तर होते. तो स्फोट सिद्धीस नेणाऱ्या शास्त्रज्ञांचे नेतृत्व डॉ. राजा रामण्णा यांनी केले होते. पुढे पाव शतक त्यांची वाटचाल आणि त्या परक्या विधिमंडळाचे कायदे एकमेकांना छेदत राहिले.

रामण्णा यांचा जन्म १९२५ मध्ये तुमकूरचा. शिक्षण बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत, मद्रासच्या ख्रिश्चन महाविद्यालयात आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजात झाले. १९४९ मध्ये ते होमी भाभा यांच्या मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. अणुविखंडन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय, तर पियानो हा आयुष्यभराचा छंद. १९७२ मध्ये ते तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचे संचालक झाले. होमी सेठना तेव्हा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. स्फोटाचा निर्णय इंदिरा गांधी आणि मोजक्या सल्लागारांच्या वर्तुळातच राहिला.

भारताने कोणता नियम मोडला, हा वादाचा मुद्दा होता. १९६८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर भारताची स्वाक्षरी नव्हती. त्यामुळे त्याचा भंग संभवत नव्हता. अडचण वेगळी होती. स्फोटासाठीचे प्लुटोनियम तुर्भ्याच्या सायरस अणुभट्टीतून आले होते. भट्टी कॅनडाने दिलेली आणि तिचे जड पाणी अमेरिकेचे. दोन्ही शांततामय उपयोगाच्या बोलीवर मिळालेली. शांततामय स्फोट या बोलीत बसतो, अशी दिल्लीची भूमिका होती. कॅनडाने ती मानली नाही आणि सहकार्य थांबविले. अमेरिकी काँग्रेसने १९७६ व १९७७ मध्ये सिनेटर सायमिंग्टन आणि ग्लेन यांच्या दुरुस्त्यांनी परकीय मदतीच्या कायद्याला नव्या अटी जोडल्या. १९७८ च्या कायद्याने, सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीस खुली न करणाऱ्या देशाला अणुइंधन देण्यास बंदी केली.

त्याचा पहिला फटका महाराष्ट्राला बसला. १९६३ च्या करारानुसार तारापूरला तीस वर्षे इंधन पुरविण्याची हमी अमेरिकेने दिली होती. सप्टेंबर १९८० मध्ये कार्टर यांनी पाठवू घातलेल्या युरेनियमविरुद्ध प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने कौल दिला. सिनेटमध्ये मात्र ४८ विरुद्ध ४६ मतांनी पुरवठा तरला. महाराष्ट्र व गुजरातला वीज देणाऱ्या केंद्राचे भवितव्य अवघ्या दोन मतांवर येऊन ठेपले होते. पुढे तो पुरवठाही आटला आणि १९८२ च्या समझोत्याने फ्रान्सकडे गेला.

१९८३ ते १९८७ या काळात रामण्णा अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते. त्याच काळात, ऑगस्ट १९८५ मध्ये, तुर्भे येथे ध्रुव अणुभट्टी कार्यान्वित झाली. भारतीय अभियंत्यांनी उभारलेल्या या भट्टीवर कोणत्याही परदेशाची अट नव्हती. तपासणीचा फास आवळण्यासाठी केलेल्या कायद्यानेच तपासणीबाहेरचा कार्यक्रम बळकट होण्यास हातभार लावला. याची किंमतही लहान नव्हती. इंधन, यंत्रसामग्री आणि संशोधनातील देवाणघेवाण अडली आणि अणुविजेचा विस्तार रखडला.

निवृत्तीनंतर रामण्णा बंगळूरला परतले. जे. आर. डी. टाटांच्या पुढाकाराने १९८८ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारात ते संरक्षण राज्यमंत्री झाले आणि १९९७ मध्ये राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य. त्याच वर्षी त्यांनी १९७४ चा प्रयोग बॉम्बचाच होता, हे उघडपणे मान्य केले. शांततामय स्फोटाच्या ज्या युक्तिवादावर दिल्लीने कॅनडा व अमेरिकेला वर्षानुवर्षे उत्तर दिले, त्याचा आधार या कबुलीने काढून घेतला. देशहित आणि दिलेला शब्द यांच्यातील हा ताण त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

मे १९९८ मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले, तेव्हा रामण्णा राज्यसभेत होते. १९९४ च्या ग्लेन कायद्याने अध्यक्ष क्लिंटन यांच्या हाती विवेकाधिकार फारसा ठेवला नव्हता. निर्बंध जवळजवळ आपोआप लागू झाले. बंगळूरमधील अवकाश व संरक्षण संशोधनाच्या संस्था निर्यातबंदीच्या यादीत गेल्या. हलक्या लढाऊ विमानाच्या नियंत्रणप्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांना परतावे लागले. तरीही ४ जानेवारी २००१ रोजी त्या विमानाने बंगळूरहून पहिले उड्डाण केले. दरम्यान गव्हाची निर्यात अडचणीत येताच अमेरिकी काँग्रेसने १९९८ मध्येच शेतमालापुरती सवलत दिली होती. स्वदेशातील शेतकरी दुखावताच तत्त्वनिष्ठा सैल झाली.

२४ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत रामण्णा यांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांत त्याच अमेरिकी काँग्रेसने २००६ च्या हाइड कायद्याने आणि २००८ च्या मंजुरीने भारताला अपवाद केले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राचे नावही निर्यात-निर्बंधांच्या यादीतून वगळले गेले.

या सर्व प्रवासात एक विसंगती ठळक दिसते. भारताच्या अणुधोरणावर परक्या विधिमंडळात वारंवार मतांची मोजणी झाली. आपल्या संसदेला मात्र १९७४ वा १९९८ च्या निर्णयाआधी विचारले गेले नाही. अणुकरारावरून सरकार पणाला लागून लोकसभेत मतदान झाले ते २२ जुलै २००८ रोजी, आणि तेही विश्वासदर्शक ठरावावर. गोपनीयतेत घडलेल्या कर्तृत्वाने देशाला सामर्थ्य दिले. त्या सामर्थ्याचा जाब आपल्याच लोकप्रतिनिधींनी विचारण्याची रीत मात्र रामण्णा यांच्या हयातीत रुजली नाही.