पाप कोणाचे? : पंडिता रमाबाईंचे जीवन

आपल्या जवळच्या कुर्डुवाडी जंक्शनवरून मुंबई-रायचूर हा जुना लोहमार्ग जातो. या मार्गावर पुण्याच्या बाजूला, दौंडच्या पलीकडे, केडगाव हे एक लहानसे स्टेशन आहे. उलट दिशेने सोलापूर ओलांडून पुढे गेले की रायचूर लागते. पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातील दोन फार मोठ्या घटना या एकाच लोहमार्गावरच्या. रायचूरजवळ दुष्काळात त्यांची आई गेली, आणि केडगावला त्यांनी दुष्काळातील शेकडो पोरक्या मुलींना आसरा दिला. या दोन घटनांच्या मध्ये एक प्रश्न उभा आहे. देव न्यायी असेल, तर ज्याने काहीच केले नाही त्याच्या वाट्याला दुःख का यावे?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न गृहस्थ. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले, म्हणून धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला. पुढे आईनेच रमाबाईंना संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा करीत, देवळात पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव फिरे. होते नव्हते ते दानधर्मात, व्रतवैकल्यांत खर्ची पडले. अशा पापभीरू घरावर १८७४ च्या सुमारास दुष्काळ कोसळला. दक्षिणेत अन्न मिळेना. मोलमजुरीची सवय नाही, भीक मागण्याची लाज. तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात पाने खाऊन त्यांनी दिवस काढले. अखेर वडील गेले. पाठोपाठ रायचूरजवळ आई गेली. तिरडीला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी सोळा वर्षांची रमा. उंची कमी असल्यामुळे तिला तिरडी डोक्यावर धरावी लागली. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

ज्या घरात देवाचे नाव घेतल्यावाचून घास घेतला जात नव्हता, ते घर भुकेने मेले. रूढ उत्तर एकच होते, पूर्वजन्मीचे पाप. त्या उत्तरावरचा आणि व्रतवैकल्यांवरचा या भावंडांचा विश्वास हळूहळू उडाला.

पायी भटकत दोघे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये श्रीनिवासही गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. मुलगी वर्षाचीही झाली नव्हती. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या.

आता तोच प्रश्न अधिक क्रूर होऊन पुढे आला. नवरा मेला की पाप बायकोचे, ही समजूत. आपल्याकडे अशा बाईला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात. जिचे सर्वस्व गेले तिलाच आरोपी ठरवायचे, असा हा न्याय! १८८२ मध्ये पुण्यास येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला, आणि १८८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीच्या इंग्रजी ग्रंथात या समजुतीवर प्रखर प्रकाश टाकला.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. पण ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चचे अधिकारी सांगतील ते मुकाट्याने मानण्यास त्यांनी नकार दिला आणि आपल्या ख्रिस्ती गुरुभगिनींशीही पत्रांतून वाद घातला.

त्यांनी स्वीकारलेल्या धर्मग्रंथात तरी या प्रश्नाचे सोपे उत्तर होते काय? मुळीच नाही. बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, असे निर्गमाच्या पुस्तकात आहे. तर मुलगा बापाचे पाप वाहणार नाही, असे यहेज्केल संदेष्टा बजावतो. दावीद राजाच्या अपराधासाठी त्याचे तान्हे मूल मरते. येशूच्या जन्मकाळी हेरोद राजा बेथलेहेमची बालके कापून काढतो. त्यांचा काय अपराध? ईयोबाच्या पुस्तकात तर हा प्रश्न थेट देवालाच विचारला आहे. सज्जन ईयोबाची मुले मरतात, अंगावर गळवे येतात. त्याचे मित्र सांगतात, तू नक्कीच पाप केले असशील. ईयोब ते मानत नाही, देवाशी भांडतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. मात्र दुःखाचे कारण तो ईयोबालाही सांगत नाही. पुढे ईयोबाला पुन्हा मुले होतात, पण मेलेली परत येत नाहीत.

शुभवर्तमानात असे दोन प्रसंग आहेत. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून जास्त पापी नव्हती, असे येशू स्पष्ट सांगतो. पंढरीच्या छायेत राहणाऱ्या आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा गेले, ते पापी होते म्हणून असे कोणता वारकरी म्हणेल? दुसरा प्रसंग जन्मांध माणसाचा. पाप याचे की आईबापांचे, असे शिष्य विचारतात. दोघांचेही नाही, यात देवाचे कार्य दिसावे म्हणून हे आहे, असे सांगून येशू मातीचा चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावतो. हे उत्तरही मनाला पुरते पटत नाही. एका माणसाने जन्मभर अंधारात राहावे ते कशासाठी, हा प्रश्न उरतोच. पण आंधळ्यावरचा आरोप मात्र तेथे कायमचा पुसला जातो.

रमाबाईंचे पुढचे आयुष्य हा आरोप पुसण्याचेच काम होते. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आक्षेपावरून वादळ उठले. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून दूर झाले. असहाय मुलींना आसरा देताना धर्म द्यावा का, हा आक्षेप गंभीर आहे आणि तो रमाबाईंवरील आदरापोटी झाकून ठेवू नये. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील भुकेल्या मुली पाहून ज्या बाईला स्वतःचे रायचूर आठवले आणि जिने त्या मुलींना केडगावी आणले, तिचे ऋणही नाकारता येत नाही. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर 'मुक्ती'तील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. या मुलींना कोणाच्या पापाचा हिशेब विचारला गेला नाही. त्यांना भाकरी, अक्षरे आणि हाताला काम मिळाले. अंध मुलींसाठी वेगळे सदन निघाले आणि मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकविण्याची सोय केली. ज्यांच्याकडे बोट दाखवून लोक पाप कोणाचे असे विचारीत, त्या मुली बोटांनी वाचू लागल्या.

उत्तरायुष्यात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यास बसल्या. छपाईचे कामही आश्रमातल्या स्त्रियाच करीत. भाषांतर करणाऱ्याला नको ते पान उलटून पुढे जाता येत नाही. दावीदाचे मूल, बेथलेहेमची बालके, ईयोबाचा आक्रोश, सारे शब्दाशब्दाने ओलांडावे लागते. हे काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई चाळिसाव्या वर्षी गेल्या. आई, बाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती लेक. रमाबाईंनी काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला आणि १९२४ मध्ये त्यांचे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

निरपराध माणूस का भोगतो, याचे उत्तर रमाबाईंच्या चरित्रात सापडत नाही. ईयोबालाही ते मिळाले नव्हते. परंतु दुःखी माणसाला त्याचे पाप विचारणारे मित्र आजही गावोगाव भेटतात. एखाद्या घरात अपंग मूल जन्मले, ऐन उमेदीतला कर्ता गेला, की पारावर तीच कुजबुज सुरू होते. अशा वेळी आपण त्या मित्रांत बसायचे, की तिरडीला चौथा खांदा कमी पडतो आहे तिकडे जायचे, एवढे ठरविणे मात्र आपल्या हाती आहे. सोळा वर्षांच्या रमेला ते उंची नसतानाही करावे लागले होते.