केरीसाहेब आणि राखेतील ठसे

विल्यम केरी हे नाव आपल्या मंडळ्यांतून वारंवार घेतले जाते. पण त्यांचे पुष्कळसे आयुष्य शिसे, शाई आणि कागद यांच्या काळजीत गेले, हे थोड्यांस ठाऊक असते. त्यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडात एका विणकऱ्याच्या घरी झाला. तरुणपणी ते जोडे शिवीत. १७९३ साली ते बंगाल्यात आले व १८०० साली कलकत्त्याजवळील श्रीरामपुरास राहिले. (हे आपल्या नगरकडील श्रीरामपूर नव्हे, हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते.)

तेथे मार्शमन व वॉर्ड या सोबत्यांसह त्यांनी छापखाना चालविला. पण यंत्र मिळाले तरी अक्षरे कोठून आणावी? एकेका अक्षराचा ठसा पोलादात कोरावा, तो तांब्यावर ठोकून मातृका करावी, आणि तीत वितळलेले शिसे ओतून खिळे पाडावे, असे ते काम. नागरीत जोडाक्षरे इतकी, की खिळ्यांचे शेकडो प्रकार लागत. हे कोरीव काम पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आरंभिले व पुढे त्याचा जावई मनोहर याने चालविले. केरीसाहेबांची कीर्ती गाताना या दोघांस विसरणे आम्हांस बरे दिसत नाही. १८०५ साली केरींचे मराठी व्याकरण तेथेच छापून निघाले; वैजनाथ पंडितांचे त्यांस साह्य होते. दूर बंगाल्यात बसून केलेले मराठी शास्त्र मात्र आपल्याकडील कानांस ओबडधोबड लागले, व ते भाषांतर पुढे टिकले नाही.

ता. ११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी छापखान्यास आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यास होते. कागदाचे गठ्ठे जळाले. अनेक लिपींचे खिळे वितळून शिशाचे गोळे झाले. वर्षानुवर्षे स्वहस्ते लिहिलेली भाषांतरे व कोश यांची राख झाली. देवाच्या दयेने मनुष्य कोणी दगावले नाही. राख उपसता उपसता पोलादी ठसे व मातृका सापडल्या. मुद्रणयंत्रेही बचावली होती. त्याच वितळलेल्या शिशाचे थोड्याच आठवड्यांत नवे खिळे पडू लागले. लिखाण मात्र असे ओतून परत मिळणारे नव्हते. पन्नास वर्षांच्या केरींनी जळालेली भाषांतरे पुन्हा लिहावयास घेतली. बहुभाषी कोश मात्र त्यांच्या हातून कधीच छापला गेला नाही.

कागदाचीही पीडा होतीच. देशी कागदास कीड लागे. म्हणून १८२० साली कागदाच्या गिरणीसाठी इंग्लंडाहून वाफेचे यंत्र आणविले. ते पाहावयास लोक लांबून येत.

ता. ९ जून १८३४ रोजी केरी श्रीरामपुरासच निवर्तले. तोवर त्या छापखान्यातून सुमारे चाळीस भाषांत शास्त्राचे भाग बाहेर पडले होते.