विश्लेषण : मुंबईला प्लेगची लस देणाऱ्या हाफकिन यांच्यावर ठपका का आला? तो पुसायला पाच वर्षे का लागली?

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना परिचित आहे. पण ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, त्या परदेशी शास्त्रज्ञाला याच संस्थेतून दूर व्हावे लागले होते.

हाफकिन कोण होते?

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, डॉक्टर नव्हते. रशियात ज्यूंना विद्यापीठात बढती मिळणे अवघड होते. त्यामुळे ते जिनिव्हामार्गे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि सुरुवातीला तेथील ग्रंथालयात काम करू लागले. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. रशियन असल्याने ते हेर असावेत, असा संशय ब्रिटिश अधिकाऱ्यांना होता. त्यातच मलेरियाने गाठल्याने त्यांना १८९५ मध्ये इंग्लंडला परतावे लागले, पण ते पुन्हा भारतात आले.

मुंबईत काय घडले?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या जागेत एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मदतीवर हाफकिन यांनी लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळा तुरुंगातील स्वयंसेवी कैद्यांवर चाचणी झाली. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली.

ठपका कशामुळे आला?

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यापैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हे सगळे ‘५३ एन’ या एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने बाटली उघडण्यापूर्वीच लस दूषित झाली होती, असा निष्कर्ष काढला. निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णता वापरल्याचे खापर हाफकिन यांच्यावर फुटले. त्यांना बिनपगारी रजेवर पाठवण्यात आले.

चौकशीत काय निसटले?

बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. शिवाय लस परळलाच दूषित झाली असती, तर मुल्कोवालला पोहोचेपर्यंत तिला दुर्गंधी सुटायला हवी होती. ती आली नव्हती. ही माहिती असूनही दोष दूरच्या प्रयोगशाळेवर आणि तिच्या परदेशी प्रमुखावर गेला.

न्याय कसा मिळाला?

चौकशीची कागदपत्रे सरकारने १९०६ च्या अखेरीस प्रसिद्ध केली. ती वाचून मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून बाजू मांडली. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले.

पुढे काय झाले?

तोपर्यंत परळची जागा भरली गेली होती. त्यांना कलकत्त्याला पाठवण्यात आले. तेथेही लशींच्या चाचण्या करण्याची मोकळीक मिळाली नाही. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन युरोपात परतले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव मिळाले. १९३० मध्ये लोझानला त्यांचे निधन झाले. नाव परत मिळाले, पण गेलेली वर्षे आणि अर्धवट राहिलेले काम परत मिळाले नाही.