थोर मल्ल खाशाबा जाधव

गुरुजींनी आम्हा चौथीच्या मुलांना एकेका थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली. मी खाशाबा जाधव निवडले. त्याचे कारण माझा हात.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी आणि सातवीतला माझा दोस्त देवळापुढच्या फरशीवर कुस्ती खेळलो. त्याने मले उचलून आपटले. वर्ध्याच्या दवाखान्यात कळले की हाड मोडले. बाबांनी माझी कुस्ती बंद केली. मी खूप रडलो. मग आजोबांनी खाशाबांची गोष्ट सांगितली.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात, कराडजवळ गोळेश्वर येथे झाला. त्यांचे वडील दादासाहेब पण पैलवान होते. खाशाबा लहानपणापासून आखाड्यात शिकले. आखाड्याची माती खणून मोकळी करतात. तिच्यात ताक, तेल, हळद घालतात. म्हणून पडले तरी मार कमी लागते.

१९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तिथे कुस्ती मॅटवर होती. मॅटची सवय नव्हती, तरी त्यांचा सहावा नंबर आला. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी केली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून मदत केली.

तिथे त्यांची एक कुस्ती फार वेळ चालली. नियमाने अर्धा तास विसावा पाहिजे होता, पण त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले. त्यांच्या बाजूने बोलायला आपला अधिकारी जवळ नव्हता. दमलेले खाशाबा हरले. तरी त्यांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूचे ते पहिले ऑलिंपिक पदक. कराडला बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली.

पुढे ते पोलीस खात्यात लागले. गुडघा दुखावल्यामुळे १९५६ च्या ऑलिंपिकला त्यांना जाता आले नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी ते अपघातात वारले. मरणानंतर त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

एवढ्या मोठ्या पैलवानालाही दुखापतीने थांबवले, मग आपण तर लहान आहोत.

आता माझे प्लास्टर निघाले. बाबांनी पुन्हा कुस्तीची परवानगी दिली, पण अटी घातल्या. माती खणलेली पाहिजे, वस्ताद समोर पाहिजे, जोडीदार आपल्या वजनाचा पाहिजे, आणि दमलो की थांबायचे.

आमच्या गावचा जुना आखाडा दगडासारखा झाला आहे. आजोबा आणि मी रोज थोडा थोडा खणतो. वाचणाऱ्या आईबाबांना माझी विनंती आहे, ज्यांच्या घरी टिकास-फावडे असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे.