दोन वर्षं न विकलेला नांगर

स्मरणिका समितीने माझ्याकडे आधी जाहिरात मागितली. अर्धं पान दिलं. मग चार दिवसांनी सेक्रेटरी पुन्हा आले आणि म्हणाले की धंद्याबद्दल चार गोष्टी लिहून द्या, आपल्या सोसायटीत हल्ली घरून काहीतरी करणारे बरेच झालेत. खरं आहे ते. कोणी डबे करतं, कोणी केक, कोणी ब्लाउज शिवतं, दोघंजण पार्किंगमध्येच लॅपटॉप दुरुस्त करतात (समितीने याकडे काणाडोळा करावा ही विनंती).

मी लेखक नाही. भोसरीत माझं पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे. पण गेल्या गणपतीत आरती झाल्यावर बी विंगमधल्या एका मुलीने मला गाठलं. ती दिवाळीचा फराळ आणि वर्षभर चकल्या-शंकरपाळे करून विकते. तिला हायवेवरचा एक गाळा घ्यायचा होता. डिपॉझिटसाठी कर्ज काढायचं, आईचा विरोध, आणि काका तुम्हीच आईला समजावा, असा सगळा मामला. मी तिला म्हटलं, रविवारी चहाला ये. त्या रविवारी मी तिला लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहितो.

माझं गाव कुंडलच्या बाजूला. आमच्या गोठ्यात आजोबांचा किर्लोस्कर नांगर होता, आम्ही पोरं त्याच्यावर बसून घोडा घोडा खेळायचो. त्यामुळे हे नाव माझ्यासाठी कंपनीचं नव्हतंच, घरातल्या वस्तूचं होतं.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना, चित्रं काढायला आवडायचं. वडिलांची इच्छा नसताना, थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या पैशांवर मुंबईला जे. जे. कला शाळेत गेले. तिथे दोन वर्षांनी कळलं की यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंगच दिसत नसतील तर पुढे काय? आपल्यातल्या एखाद्याने घरी परत जाऊन नशिबाला बोल लावला असता. यांनी रंग सोडले आणि रेघ धरली, म्हणजे यंत्रांची ड्रॉइंग. ते हात इतका बसला की व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळाली. पगार महिना ४५ रुपये. शिकवून झालं की तिथल्या वर्कशॉपमध्ये यंत्रांशी झटापट चालायची.

धंद्याची सुरुवात सायकलपासून झाली. मुंबईत सायकल नवलाईची होती, बेळगावात तर बघायलाही नव्हती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकल पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात ती विकायचे. १८८८ हे किर्लोस्कर ब्रदर्सच्या स्थापनेचं वर्ष धरतात ते या दुकानामुळे. नुसती सायकल विकली नाही, चालवायला शिकवायचेही, आणि त्याचे १५ रुपये वेगळे घ्यायचे. ज्या गावात वस्तूच नवीन, तिथे ती वापरायला शिकवणारा माणूसच खरा विकणारा. आणि दुसरी गोष्ट मी त्या मुलीला मुद्दाम दोनदा सांगितली. लक्ष्मणरावांनी दुकानासाठी नोकरी सोडली नव्हती. मुंबईत पगार चालू आणि बेळगावात दुकान चालू. नोकरी सुटली ती नंतर, बढती यांची असताना एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली तेव्हा. अपमान झाला म्हणून राजीनामा दिला हे सगळे सांगतात. पण राजीनामा देताना मागे एक चालतं दुकान होतं, हे कोणी सांगत नाही.

बेळगावला आल्यावर छोटा कारखाना टाकला. शिकवायला कोणी नाही. अमेरिकन मासिकं आणि पुस्तकं वाचून, चित्रं बघून यंत्रं समजून घ्यायची. पहिला माल कडबा कापायच्या यंत्राचा. शेतकऱ्याला ते समजायला कठीण नव्हतं. जनावर अख्खा कडबा खात नाही, पायाखाली तुडवून वाया घालवतं, कापून दिला तर संपवतं. फायदा गोठ्यात त्याच संध्याकाळी दिसायचा.

मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला. आणि तो विकेचना.

इथे मी जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. आज आपण म्हणतो, किती उपयोगी वस्तू होती, लाकडी नांगरापेक्षा खोल जायची, माती उलटी पाडायची, तण मुळासकट काढायची. सगळं खरं. पण शेतकऱ्यांमध्ये समजूत अशी होती की लोखंडाने जमीन विषारी होते. वस्तू उत्तम, किंमत वाजवी, आणि गिऱ्हाईक जवळ यायला तयार नाही. पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपला एक महिना माल पडून राहिला तर आपण भाव पाडतो नाहीतर देवाला नवस बोलतो.

या दोन वर्षांत कारखाना बंद पडला नाही, तो कशामुळे? नांगर विकत नव्हते, पण कडबा कापायची यंत्रं विकत होती. लक्ष्मणरावांनी नव्या वस्तूच्या नादात जुनी रोजची भाकरी सोडली नाही. नवीन मालाला वेळ द्यायचा तर तो वेळ विकत घ्यावा लागतो, आणि त्याचे पैसे जुना माल देतो. आमच्या भाषेत याला खेळतं भांडवल म्हणतात.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. मला ते कळलं २००८ मध्ये. तेव्हा माझं वर्कशॉप सहा माणसांचं होतं, लहान लहान गिऱ्हाइकं होती, ग्रिल, ट्रॉल्या, कपाटं. एका मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली आणि मी हुरळलो. दुसरी शेड भाड्याने घेतली, प्रेस मशीन कर्जावर आणलं, माणसं सोळा केली. लहान गिऱ्हाइकांना सांगितलं की आता वेळ नाही. सहा महिन्यांत मंदी आली. माल पोचला होता, बिलं गेली होती, पैसे येईनात. सात महिने. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, हे या सोसायटीत आजवर कोणाला माहीत नव्हतं, आज लिहितोय. मेंटेनन्स तीन महिने थकला. तेव्हाच्या सेक्रेटरींनी थकबाकीदारांची यादी नोटीस बोर्डावर लावली, तीत माझं नाव नव्हतं. मी विचारायला गेलो तर ते म्हणाले की टाइप करताना राहून गेलं असेल. पुढच्या महिन्यातही राहून गेलं. ते आज आपल्यात नाहीत. पंचवीस वर्षांच्या या स्मरणिकेत त्यांच्याबद्दल एवढं तरी छापून यावं असं मला वाटतं.

असो. परत बेळगावला जाऊ.

नांगर एकदा रानात चालू लागला की पुढची अडचण उभी राहते, ती म्हणजे फाळाची. फाळ जमिनीशी घासतो, झिजतो. परदेशी नांगर घेतला तर त्याचा फाळ मिळणार कुठे? नांगर बेळगावात तयार झाला तर फाळही बेळगावात ओतता येतो, आणि टिकत नसेल तर ओतणाऱ्याला सांगताही येतं. एक नांगर विकला की पुढची कितीतरी वर्षं त्या शेतकऱ्याशी नातं राहतं. आमच्या आजोबांच्या नांगराला किती वेळा फाळ बदलला असेल, देव जाणे. नांगर तोच.

नांगराचं बस्तान बसतंय तोवर दुसरंच संकट आलं. कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी झाली, ठळकवाडीसाठी. उठा म्हणाले. चाळिशीला आलेला माणूस, यंत्रं, कामगार, अर्धवट माल, आणि जागा नाही. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार, त्यामुळे दोघांचं जमायचं. त्यांनी लक्ष्मणरावांना औंधला यमाईच्या देवळासमोर सभामंडप उभारायचं काम दिलं. कारखानदाराने मंडपाचं कंत्राट घेतलं. कमीपणा मानला नाही. मग राजांनी आपल्या संस्थानात कारखान्यासाठी जागा देऊ केली आणि कर्जाऊ पैसेही दिले.

जागा होती कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर. निवडुंग, दगड आणि साप. पाण्याची मारामार. १९१० मध्ये तिथे मुक्काम पडला. आमच्या आजोबांचे वडील तेव्हा तरणे होते, आणि आमच्या भागात त्या माळाकडे संध्याकाळनंतर कोणी फिरकत नसे असं घरात सांगायचे. पण लक्ष्मणरावांनी त्या माळात एक गोष्ट पाहिली असणार, रेल्वे. नांगर बिडाचा, जड. तो गाडीतून गावोगाव जायला हवा. शहरातला महाग गाळा सोडून स्टेशनजवळचा माळ, हा हिशेब आजही बघण्यासारखा आहे. हायवेवरचा गाळा मागणाऱ्या मुलीला मी विचारलं की तुझं गिऱ्हाईक गाळ्यावर चालत येतं, की फोन करतं? ती म्हणाली, फोन करतं. मग मी पुढे काही बोललो नाही.

माणसं त्यांनी कशी जमवली ते बघा. रामूअण्णा होतेच. शंभोराव जांभेकर यंत्रांचं बघायचे. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण हाताला कसब असं की इंजिनिअर म्हणून नाव काढलं. आणि वाडीच्या राखणीला तुकाराम रामोशी, जो तुरुंगात जाऊन आलेला होता. लोकांनी नक्की तोंडात बोट घातलं असणार. वाडीत शिवाशीव पाळायची नाही हाही त्यांचा दंडक होता, त्या काळात! हिशेबाचं काम स्वतःकडे न ठेवता वेगळ्या माणसाला दिलं, हे मला धंदेवाला म्हणून जास्त महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे मालक दिवसभर मशीनवर असतो आणि रात्री अकरा वाजता पेंगत बिलं लिहितो. त्यामुळेच कोणाकडून किती येणं आहे हे सात महिने कळत नाही. (अनुभवाचे बोल.)

पहिलं महायुद्ध सुरू झालं तसं बाहेरून येणारं लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाला. भट्टी थंड पडायची वेळ. तेव्हा लोणारी कोळसा वापरून बघितला. आणि लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडून जुन्या तोफा मिळवल्या, वितळवल्या, त्यांचे नांगर केले. आमच्या शाळेत हे गुरुजी रंगवून सांगायचे. कधीकाळी कुठल्या तरी बुरुजावरून गरजलेली तोफ आमच्याच रानात नांगर होऊन फिरली असेल, या कल्पनेने आम्ही गोठ्यातल्या नांगराला कान लावून बघायचो.

पुढचं झपाट्याने सांगतो, कारण मोठं झाल्यावरची गोष्ट आपल्या कामाची नाही. १९२० मध्ये कंपनी लिमिटेड झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' निघालं, शंकरराव किर्लोस्करांनी चालवलेलं. यंत्रांची माहिती लोकांपर्यंत जावी म्हणून सुरू केलेलं पत्रक, पण वाचायला इतकं चांगलं की पुढे त्याचं मोठं मासिक झालं. आपण व्हॉट्सॲपवर रोज आज ऑर्डर द्या, आज ऑर्डर द्या म्हणतो, आणि लोक ग्रुप म्यूट करतात, त्याच्याशी जरा ताडून बघा. मुलगा शंतनुराव अमेरिकेला एमआयटीत शिकून आला. पंप आले, चरक आले, मग डिझेल इंजिनं. स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले.

गावाला जाताना मी अजून त्याच स्टेशनवर उतरतो. आजोबांचा नांगर भावाने भंगारात घातला, त्याच्याशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो.

तर ती मुलगी. गोष्ट ऐकून ती जरा नाराजच होऊन गेली, कारण तिला आईला समजावणारा माणूस हवा होता, नांगराची गोष्ट नको होती. जाताना मी तिला एक काम सांगितलं. ज्यांनी एकदा माल घेतला आणि परत मागवला नाही त्यांची यादी कर, आणि एकेकाला फोन कर. विकायला नव्हे, विचारायला. पंधरा दिवसांनी वही घेऊन आली. एकेचाळीस नावं होती. निम्म्याहून जास्त लोकांनी एकच सांगितलं होतं, की चकल्या उत्तम, पण डबा घरी येईपर्यंत त्यांचा चुरा होतो. तिला वाटायचं लोकांना भाव महाग वाटतो.

गाळ्याचं बोलणं तिने सध्या दसऱ्यापर्यंत पुढे ढकललंय. माझ्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला पुठ्ठ्याच्या कप्प्याकप्प्यांच्या जाळ्या येतात, त्यातल्या दहा मी तिला दिल्या आहेत. मागच्या आठवड्यात तिने त्यात चकल्या उभ्या लावून एक डबा मुद्दाम नाशिकला मावशीकडे कुरिअर केला. अकरा मोडल्या, बाकी शाबूत पोचल्या. आता ती कप्पे जरा लहान करून बघतेय.